मुखपट्टीचे शास्त्र आणि कष्टकऱ्यांचा श्वास

(येलदरी येथे समाजबांधव व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही "मास्क" असे उत्तर दिले. त्यावर एक कार्यकर्ते हसून म्हणाले, "सर, करोना तर गेला. आता मास्कवर काय बोलणार?" त्यांचे हसणे आम्ही समजू शकतो. परंतु करोना येण्यापूर्वीही आपली माणसे धुळीत, पिंजलेल्या कापसात, फवाऱ्यात आणि गटारात काम करीत होती, आणि करोना गेल्यावरही ती तेथेच आहेत. म्हणूनच हा विषय आम्ही मुद्दाम निवडला.

आपण आज येलदरीत बसलो आहोत. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर वीज तयार झाली, शेते भिजली. अशी धरणे ज्या हातांनी उभी राहिली, ते हात माती वाहणारे आणि खडी फोडणारे होते. त्या काळच्या आयाबाया नाकाला पदर लावीत आणि बाप्ये डोईचा पटका तोंडावरून घेत. तोच त्यांचा मास्क. तो पदर आणि आजचा शास्त्रशुद्ध मास्क यांमधला प्रवास कसा झाला, आणि तो आपल्या दारापर्यंत पोहोचला की नाही, एवढेच आज आम्हास सांगावयाचे आहे.

प्रथम एक घरची गोष्ट सांगतो. आमचे एक चुलते एका जिनिंगमध्ये हंगामी कामाला होते. परभणी जिल्हा कापसाचा. सेलू, मानवतच्या बाजारपेठा कापसावर वाढल्या. चुलते सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांजवळ उभे असत. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांपासून पायापर्यंत पांढरे झालेले असत. आम्ही मुले त्यांना हसायचो. सुटीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेले की त्यांची छाती भरून यायची. ते म्हणायचे, "छातीवर कुणी बसल्यावाणी होतंय रं." पुढे दोन-चार दिवसांत जरा बरे वाटायचे. पुन्हा सुटी, पुन्हा तेच. मुकादम म्हणायचा, सुटी खाऊन आळस चढला. घरातली माणसेही तसेच म्हणू लागली. आम्हीही म्हणालो असू.

पुढे शिकल्यावर आमच्या वाचनात आले की, कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाची नेमकी हीच खूण आहे. सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते. त्या रोगास बिसिनोसिस म्हणतात. १९४८ च्या कारखाना कायद्यातही कळविण्यास पात्र अशा रोगांच्या यादीत त्याचे नाव होते. म्हणजे ज्याला आम्ही आळस म्हटले तो रोग होता, आणि तो कायद्याला माहीत होता, फक्त चुलत्यांना माहीत नव्हता. ते गेले तेव्हा सर्वांनी दमा म्हटले. मित्रहो, अज्ञान हे असे घरात येऊन बसते.

आता शास्त्राकडे वळू. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुधा नाकातच अडते. खरी घातक धूळ दहा मायक्रॉनहून बारीक असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. रुमालाच्या विणीतली छिद्रे या कणांच्या मानाने दारे-खिडक्यांएवढी मोठी असतात. त्यामुळे रुमालावर काळी धूळ दिसली की आपणास वाटते, धूळ अडली. प्रत्यक्षात जाड धूळ अडली आणि बारीक आत गेली.

मग उपाय काय? पूर्वी लोकांना वाटे की कापड जाड करावे. पण जाड कापडातून श्वास घेता येत नाही. माणूस कष्टाचे काम करतो तेव्हा त्याला अधिक हवा लागते. तो मास्क खाली ओढतो आणि सारे व्यर्थ जाते. हवा सहज यावी आणि कण अडावेत, या दोन परस्परविरोधी गोष्टी एका कापडात आणणे हाच या साऱ्या संशोधनाचा गाभा आहे.

इतिहास थोडक्यात पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच १८९७ साली युरोपात ब्रेस्लाऊ येथील शल्यविशारद मिकुलिच यांनी शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीदार कापडाची पट्टी बांधण्यास सुरुवात केली. मास्क असता तर सावित्रीबाई वाचल्या असत्या, असे आम्ही म्हणणार नाही. गाठीचा प्लेग मुख्यत्वे उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. परंतु सेवा करणाऱ्याच्या जिवाचेही रक्षण झाले पाहिजे हा विचार त्याच सुमारास जगात आकार घेत होता, एवढे लक्षात ठेवावे.

पुढे १९१० च्या अखेरीस चीनच्या मांचुरिया प्रांतात फुफ्फुसाचा प्लेग पसरला. तो श्वासावाटे पसरणारा होता. वू लिएन-तेह नावाचे तरुण डॉक्टर तेथे गेले. त्यांनी जाळीदार कापडाच्या घड्यांत कापूस घालून, कुणालाही शिवता येईल असा स्वस्त मास्क तयार केला. मेनी नावाच्या वयाने मोठ्या फ्रेंच डॉक्टरांना एका चिनी तरुणाचे म्हणणे मान्य झाले नाही. ते मास्क न लावता रोग्यांत गेले आणि काही दिवसांतच त्याच रोगाने वारले. त्यानंतर सर्वांनी मास्क बांधले. त्या साथीत सुमारे साठ हजार माणसे गेली, पण काही महिन्यांत साथ आटोक्यात आली. सांगणाऱ्याची जात, वंश पाहून त्याचे म्हणणे नाकारले तर त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे या प्रसंगातून दिसते.

दुसरी कथा अमेरिकेतली आहे आणि ती विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. गॅरेट मॉर्गन हा कृष्णवर्णीय मनुष्य १८७७ साली जन्मला. त्याचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. शाळा प्राथमिकपर्यंतच झाली. शिलाई यंत्रे दुरुस्त करीत करीत तो संशोधक झाला. आगीत धूर वर चढतो आणि जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात स्वच्छ राहते, हे त्याने हेरले. त्याने डोके झाकणारी एक टोपी केली, तिला जमिनीपर्यंत लोंबणारी नळी जोडली आणि नळीच्या तोंडाशी ओला स्पंज बसविला. १९१४ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. पण काळ्या माणसाने बनविलेली वस्तू गोरे लोक विकत घेईनात. तेव्हा प्रात्यक्षिकाच्या वेळी तो एका गोऱ्या माणसाला संशोधक म्हणून उभा करी आणि स्वतः आदिवासी सरदाराचा वेश घेऊन धुरात शिरे! जुलै १९१६ मध्ये क्लीव्हलँड शहरात सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला. विषारी वायूत माणसे अडकली. मॉर्गन आणि त्याचा भाऊ टोप्या घालून आत उतरले आणि त्यांनी माणसे बाहेर काढली. शौर्याचे पदक मात्र इतरांना मिळाले. मित्रहो, बुद्धी कुणाच्या जन्मावर अवलंबून नसते. तिचे श्रेय मात्र जन्म पाहून वाटले जाते. ही गोष्ट आपणास परकी वाटू नये.

आपल्याकडचेच उदाहरण पाहा. मुंबईच्या गिरण्यांत साचेखाते म्हणजे विणाईचे खाते पगाराला चांगले. तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातील कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड कसे लावावे, हा सवर्ण कामगारांचा आक्षेप होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. आम्हास येथे आणखी एक गोष्ट दिसते. धोटा तोंडाने ओढण्याची ती पद्धत मुळात कुणाच्याच आरोग्यास हिताची नव्हती. प्रत्येक ओढीबरोबर कापसाचे तंतू आणि दुसऱ्याची थुंकी तोंडात जात होती. पद्धत बदलण्याऐवजी माणसाला बाहेर ठेवणे लोकांना सोपे वाटले.

आता खऱ्या मास्कचे कापड कसे तयार होते ते पाहू. १९५४ च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेंट या शास्त्रज्ञाने अतिशय बारीक तंतू काढण्याची रीत शोधली. हवेतले किरणोत्सर्गी कण गोळा करण्यास त्यांना गाळणी हवी होती. खताची पोती ज्या पॉलिप्रॉपिलीनची विणतात, त्याच प्लास्टिकचे दाणे वितळवतात. तो रस बारीक छिद्रांच्या रांगेतून सोडतात आणि दोन्ही बाजूंनी गरम हवेचा झोत मारतात. जत्रेत 'म्हातारीचे केस' कसे निघतात ते आपण पाहिले आहे. जवळजवळ तसेच एक ते पाच मायक्रॉन जाडीचे तंतू निघतात आणि फिरत्या जाळीवर पडून त्यांचा थर होतो. त्यास मेल्टब्लोन कापड म्हणतात. ते विणलेले नसते. तंतू वेडेवाकडे पडलेले असल्यामुळे कणाला सरळ वाट सापडत नाही.

पण एवढ्यानेही भागत नव्हते. खरी युक्ती विजेची आहे. कोरड्या केसांतून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे चिकटतात, हा प्रयोग आपण शाळेत केला आहे. तीच स्थिर वीज तंतूंमध्ये कायमची भरून ठेवता आली तर कण आपोआप ओढले जातील आणि कापड पातळ ठेवता येईल. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात काम करणारे, मूळचे तैवानचे शास्त्रज्ञ पीटर त्साई यांनी १९९० नंतरच्या वर्षांत मेल्टब्लोन कापडास असा विद्युतभार देण्याची उत्तम रीत विकसित केली. गाळण्याची शक्ती अनेक पटींनी वाढली आणि श्वास घेण्याचा त्रास वाढला नाही. १९९५ साली अमेरिकेत 'एन-९५' हे मानक आले. ९५ याचा अर्थ, सर्वांत निसटणारे, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कणही किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. 'एन' म्हणजे तेलाच्या तुषारांसाठी नसलेला. आपल्याकडे आयएस ९४७३ हे मानक आहे. त्यातील 'एफएफपी-२' हा प्रकार किमान ९४ टक्के कण अडवितो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. २०२० साली आपल्यापैकी अनेकांनी एन-९५ मास्क साबणाने धुऊन उन्हात वाळविला. आम्हीही तेच केले. वरून तो स्वच्छ दिसला, पण आतली वीज साबणाने गेली. मास्क शाबूत दिसला, पण त्याची निम्मी शक्ती त्या विजेत होती. म्हणून असा मास्क धुवू नये.

त्या २०२० सालची आठवण अजून ताजी आहे. मास्कसाठी मेल्टब्लोन कापड मिळेना, आणि मिळाले तरी भाव गगनाला भिडले. बचत गटांच्या भगिनींनी गावोगाव घरच्या शिलाई यंत्रांवर कापडी मास्क शिवले. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने मास्कच्या कमाल किमती ठरवून दिल्या. एन-९५ मास्क प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये आणि तीन पदरी मास्क ४ रुपये. म्हणजे वस्तू मुळात महाग नव्हती, हे त्या आदेशाने सिद्ध झाले.

त्याच काळात आपल्या राज्यात एक चांगले संशोधन झाले. पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीज या लहान कंपनीने त्रिमितीय छपाईच्या यंत्राने मास्कची गाळणी तयार केली आणि तिच्यावर साबणासारख्या एका रसायनाचा, सोडियम ऑलेफिन सल्फोनेटवर आधारित मिश्रणाचा, थर दिला. विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते. साबण ते फोडतो. हात धुण्यामागचे जे तत्त्व, तेच मास्कच्या कापडावर आणले. केंद्र शासनाच्या तंत्रज्ञान विकास मंडळाने या कामास अर्थसाहाय्य दिले आणि सुमारे सहा हजार मास्क नंदुरबार, नाशिक, बेंगळुरू येथील शासकीय रुग्णालये इत्यादी ठिकाणी वाटण्यात आले. संशोधन फक्त परदेशातच होते असे आमच्या विद्यार्थ्यांनी समजू नये.

परंतु आम्हास अधिक चिंता शेतावरच्या मजुराची वाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. त्यांत शेतकरी होते आणि रोजाने फवारणारे मजूरही होते. तोंडाला रुमाल बांधलेला असायचा. आता लक्षात घ्या, एन-९५ देखील येथे पुरा पडत नाही. तो कण अडवितो, वाफ अडवीत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळसा लागतो. १८५४ साली स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने कोळशाचा मास्क केला होता. आज नारळाच्या करवंटीपासूनही असा कोळसा करतात. त्याच्या एका ग्रॅमच्या आत इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की त्यांचा पृष्ठभाग उलगडला तर पाच गुंठ्यांहून अधिक भरेल. त्या भिंतींना वाफ चिकटून राहते. शिवाय कीटकनाशक श्वासाइतकेच कातडीतूनही आत जाते. म्हणून नाक झाकून पाठ उघडी ठेवली तर रक्षण होत नाही.

यावर बेंगळुरूच्या 'इनस्टेम' या संशोधन संस्थेने वेगळा मार्ग काढला. त्यांनी सुती कापडालाच असे रसायन जोडले की कीटकनाशक त्याला स्पर्श करताच त्याचे विघटन होते. विष अडवून ठेवण्याऐवजी कापड त्याला निकामी करते. १७ डिसेंबर २०२४ रोजी 'किसान कवच' नावाने हा पोशाख जाहीर झाला. तो धुऊन सुमारे वर्षभर वापरता येतो आणि त्याची किंमत तेव्हा सुमारे चार हजार रुपये सांगितली गेली. शोध निश्चितच अभिमानास्पद आहे. पण रोजाने फवारणाऱ्या मजुराने चार हजार कोठून आणावेत? शोध प्रयोगशाळेत पूर्ण होतो असे आम्ही मानत नाही. तो ज्याच्यासाठी लावला त्याच्या अंगावर चढला म्हणजे पूर्ण झाला. पंप मालक देतो, औषध मालक देतो, मग कवच मजुराने का विकत घ्यावे? ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती कृपया घरोघर पोहोचवावी. मास्क हवा गाळतो, हवा तयार करीत नाही. आपल्या श्वासाच्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. गटाराच्या चेंबरमध्ये, शौचालयाच्या टाकीत, गोबरगॅसच्या खड्ड्यात, बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत तो कमी झालेला असू शकतो. तेथे जगातला सर्वांत महाग गाळणीचा मास्क लावला तरी माणूस गुदमरतो. शिवाय गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला, आता उतरू, असे माणसाला वाटते, आणि तोच घात होतो. पहिला पडला म्हणून दुसरा धावतो, दुसऱ्यामागे तिसरा. वर्तमानपत्रात एकाच घरातली दोन-तीन नावे येतात, ती यामुळे.

या मृत्यूंत कोणत्या समाजाची माणसे असतात, हे आम्ही तुम्हाला सांगण्याची गरज नाही. २०१३ साली हाताने मैला साफ करण्याच्या कामास प्रतिबंध करणारा नवा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मृत्यू झालेल्यांच्या वारसांस १० लाख रुपये आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. भरपाई हक्काची आहे, ती मिळविलीच पाहिजे. पण माणूस आत न उतरता यंत्राने सफाई होणे हीच खरी सुधारणा. केरळच्या तरुण अभियंत्यांनी २०१८ साली 'बँडिकूट' नावाचे गटार साफ करणारे यंत्र तयार करून दाखविले. म्हणजे ते अशक्य आहे असे कुणालाही म्हणता येणार नाही.

सारांश काय? घरी जाताना एवढे न्यावे. कापसाच्या व पिठाच्या गिरणीत, खडी केंद्रावर काम करणाऱ्याने आयएस ९४७३ ची खूण पाहूनच मास्क घ्यावा. नाकावरची पट्टी दाबून बसवावी आणि कडेने हवा शिरते का ते हाताने पाहावे. सैल मास्क म्हणजे कुलूप लावून उघडे ठेवलेले दार. एन-९५ धुवू नये. फवारणीस कोळशाच्या डब्याचा मास्क, अंगभर कपडे व हातमोजे असावेत, आणि वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. चेंबरमध्ये, टाकीत कुणीही उतरू नये. कुणी आत पडलाच तर अग्निशमन दलास बोलवावे, आपण मागोमाग उडी घेऊ नये. आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी कुणाची छाती आवळत असेल, तर त्याला आळशी म्हणू नये. डॉक्टरकडे न्यावे आणि डॉक्टरला आधी सांगावे की हा मनुष्य काय काम करतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कुणी वस्त्रतंत्र, कुणी रसायन, कुणी यंत्र अभियांत्रिकी शिकाल. ज्यांच्या घरातली माणसे धुळीत खपली, त्यांना धुळीविषयीचे प्रश्न इतरांपेक्षा अधिक नेमके विचारता येतात. कष्टाच्या कामात घाम आला तरी टिकणारा, उन्हाळ्यात कोंडणार नाही असा, एका दिवसाच्या मजुरीचा लहानसा भागच खर्च होईल असा मास्क अजून कुणीतरी करावयाचा आहे. तो तुम्ही करावा.

आमच्या चुलत्यांना आम्ही काही देऊ शकलो नाही. त्यांचे उपरणे अजून आमच्या घरात आहे. कितीही वेळा धुतले तरी त्याच्या घडीत कापसाचे तंतू सापडतात. ते पाहिले म्हणजे आम्हास हे भाषण द्यावेसे वाटते.